पाकीट फोडण्याआधी आणि नंतर: बीन्सची कॉफी, पानांचा चहा

इन्स्टंटची बरणी आणि दाणेदार चहा बाजूला ठेवून बीन्सकडे आणि सुट्या पानांकडे वळायचं ठरलं की पहिली गाठ पडते ती पाकिटाशी. कॉफीच्या एका पाकिटावर देश, जिल्हा, मळा, समुद्रसपाटीपासूनची उंची, वाण, प्रक्रिया असं सगळं छापलेलं असतं. दुसऱ्यावर नुसतं 'स्ट्राँग' आणि 'प्रीमियम'. चहाच्या डब्यावर 'एसएफटीजीएफओपी १'. यातलं कामाचं काय आणि शोभेचं काय हे कळेपर्यंत बरीच पाकिटं संपतात. माझी ही शिकवणी उरकल्यावर लेख लिहायला घेतला, म्हणजे नव्याने वळणाऱ्याला निदान क्रम तरी माहीत असेल. कॉफी आधी घेतली आहे. तिच्यात माप चुकलं की जीभ लगेच सांगते, त्यामुळे वजन, पाणी आणि वेळ यांची शिस्त तिच्याकडून लवकर लागते. नंतर चहा बराच सोपा जातो.

कॉफीचं पाकीट

सगळ्यात आधी भाजल्याची तारीख शोधावी. 'अमुक महिन्यापर्यंत वापरण्यास उत्तम' या ओळीचा उपयोग नाही, कारण ती मुदत भाजल्यापासून वर्षाची असू शकते, दीड वर्षाचीही असू शकते. भाजल्याची तारीख छापलेली नसेल तर पाकीट परत फळीवर ठेवायचं, हा नियम मी सुरुवातीलाच केला आणि तो अजून बदलावासा वाटलेला नाही.

तारीख सापडली तरी लगेच कात्री चालवायची नाही. भाजताना बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पुढचे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत राहतो. पाकिटावर बारीक भोकांची गोल झडप असते ती त्यासाठीच. वायू जास्त असताना कॉफी केली तर तो पाण्याला भुकटीत नीट शिरू देत नाही आणि कप झोंबरा तरीही पोकळ लागतो. हलक्या भाजणीला ७ ते १४ दिवस मुरू द्यावं, गडद भाजणीला ४-५ दिवस पुरतात. समजा हलक्या भाजणीच्या पाकिटावर ३ मार्च ही तारीख आहे, तर ते १० ते १७ मार्चच्या दरम्यान उघडायचं आणि एप्रिल संपेपर्यंत संपवायचं. या सगळ्या प्रकरणातली ही पहिली प्रतीक्षा, आणि सगळ्यात जिवावर येणारी: झडपेतून वास येत असतो आणि काही करता येत नाही. यावर साधा तोडगा म्हणजे हातातलं पाकीट निम्मं झालं की पुढचं मागवणं. ते येऊन मुरेपर्यंत आधीचं पुरतं.

तारखेनंतर भाजणीचा रंग. गडद भाजणीत बियांवर तेल सुटतं, चव भाजणीची लागते आणि बी कुठलं होतं हे बरंचसं पुसलं जातं. दुधात घालायची असेल तर मध्यम ते गडद भाजणी बरी. दुधापुढे हलकी भाजणी टिकत नाही, उलट तिचा आंबटपणा दुधात विचित्र लागतो. काळीच प्यायची असेल तर हलकी किंवा मध्यम घ्यावी.

मग प्रक्रिया. वॉश्ड म्हणजे फळाची साल व गर काढून, चिकट थर आंबवून, धुऊन वाळवलेलं बी. नॅचरल म्हणजे अख्खं फळ वाळवून मग बी काढलेलं. हनी या दोन्हींच्या मधलं: साल काढायची, चिकट थर ठेवून वाळवायचं. मी पहिले काही महिने फक्त वॉश्ड कॉफी घेतली, आणि नवख्याला हेच सांगेन. तिची चव स्वच्छ असते, त्यामुळे कपात काही बिघडलं तर ते आपल्या हातून बिघडलं हे समजतं. नॅचरलमध्ये आणि हल्ली बोकाळलेल्या अ‍ॅनेरोबिक, म्हणजे हवा न लागू देता आंबवलेल्या प्रकारात आंबवल्याचा वास मुळातच असतो. दोष बियांचा की पाण्याचा की दळण्याचा, याचा नवख्याला पत्ता लागत नाही.

उंचीचा आकडाही कामाचा आहे. थंड हवेत फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट होतं, म्हणून १,५०० मीटरच्या वरची अरेबिका बहुधा जास्त आंबटगोड आणि सुवासिक निघते. मात्र विषुववृत्ताजवळची १,८०० मीटर आणि त्यापासून दूरची १,२०० मीटर यांची नुसत्या आकड्यांवरून तुलना करू नये. हवा किती थंड, हा खरा प्रश्न. '१०० टक्के अरेबिका' एवढ्यावरून फक्त झाडाची जात कळते. रोबस्टा या दुसऱ्या जातीत कॅफिन जवळपास दुप्पट आणि कडवटपणा जास्त, म्हणून तो भेद लिहितात. पण अरेबिकाही टाकाऊ असू शकते. केनियाच्या पाकिटावरचा 'एए' हा बियांच्या आकाराचा दर्जा आहे, चवीचा नाही. 'स्पेशालिटी' या शब्दामागे मात्र मोजमाप आहे: १०० गुणांच्या चाचणीत ८० किंवा त्याहून अधिक. ८४ आणि ८६ मधला फरक घरच्या किटलीत कळेल असं समजून जास्त पैसे मोजू नयेत. गेशा या वाणाच्या किमती पाहून छाती दडपते. पनामातल्या हासिएंदा ला एस्मेराल्डा या मळ्याची गेशा २००४ च्या स्पर्धेत पहिली आली आणि तेव्हापासून तिचा भाव चढाच आहे. ती जरूर प्यावी, पण ग्राइंडरवर हात बसल्यावर.

'जर्दाळू, जाई, मध' असं लिहिलेलं असतं ते घटक नव्हेत, चाखणाऱ्याला झालेली आठवण आहे. तिच्याकडे दिशा म्हणून बघावं: फळंफुलं लिहिली असतील तर आंबटपणा जास्त, चॉकलेट-सुकामेवा लिहिला असेल तर कमी. जर्दाळू सापडला नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

खर्चाचा क्रम

पैसे मर्यादित असतील तर ते या क्रमाने जावेत: ग्राइंडर, ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, किटली आणि शेवटी ड्रिपर, म्हणजे कागदी गाळणी बसवायचं भांडं. प्लॅस्टिकचा शंकूच्या आकाराचा ड्रिपर चिनीमातीच्यापेक्षा स्वस्त असतो आणि उष्णता कमी शोषतो, म्हणजे इथे स्वस्तातलंच चांगलं.

ग्राइंडर पहिला का, हे नीट सांगायला हवं. पात्याचं यंत्र बिया कापत नाही, फोडतं; काही कण पिठासारखे होतात, काही अर्ध्या बीएवढे राहतात. पिठातून पाणी सगळं काही ओढून घेतं आणि कडूपणा आणतं, मोठ्या तुकड्यांतून अर्धवटच उतरतं आणि आंबटपणा ठेवतं. दोन्ही एकाच कपात. पाण्याचं तापमान किंवा वेळ बदलून हे सुटत नाही. दातेरी चकत्यांचा, म्हणजे बर ग्राइंडर हवा. हाताने फिरवायचा चालतो. त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा तो बहुधा जास्त एकसारखं दळतो, कारण पैसे मोटरवर न जाता चकत्यांवर जातात. दळलेली आयती कॉफी घ्यायची का? दळल्यावर बियांचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि वास तासाभरात ओसरू लागतो, त्यामुळे मुरलेल्या बियांवर घेतलेली सगळी मेहनत तिथे संपते.

कोरड्या हवेत दळताना भुकटी स्थिर विजेमुळे सगळीकडे चिकटते. बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून ढवळलं की हा त्रास जातो.

पाणी

यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं आणि सगळ्यात जास्त कॉफी याच पायी बिघडते. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम चव उतरवायला मदत करतो. बायकार्बोनेट, म्हणजे पाण्याची क्षारता, आंबटपणा मारते. जड पाण्यात क्षारता जास्त असली की उत्तम केनियन कॉफीसुद्धा खडूसारखी सपाट लागते. उलट आरओचं पाणी जवळपास कोरं असेल तर कप आंबट आणि उघडावाघडा निघतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या निकषात टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि क्षारता ४० च्या आसपास धरली आहे. खिशात मावणारा टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, त्यात क्षारता किती ते सांगत नाही. त्यासाठी मत्स्यटाकीसाठी मिळणारं थेंबांचं किट पुरतं. त्यावर 'केएच' असं लिहिलेलं असतं, आणि त्याचा एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम.

किट येईपर्यंत एक सोपी परीक्षा: एकच कॉफी, एकच माप, एका कपाला नेहमीचं पाणी आणि दुसऱ्याला बाटलीतलं कमी क्षारांचं पाणी. शेजारी ठेवून प्यावं. फरक दिसला तर आरओ आणि नळाचं गाळलेलं पाणी मिसळून मधलं प्रमाण शोधता येतं.

नेमकेपणा हवा असेल तर पाणी बनवता येतं आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १.६८ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवायचा. दुसऱ्या लिटरमध्ये खाण्यायोग्य दर्जाचं २.४५ ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही द्रावणांची ताकद लिटरला १,००० मिलिग्रॅम येते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. आता ८८० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, ४० ग्रॅम सोड्याचं द्रावण आणि ८० ग्रॅम एप्समचं द्रावण मिसळलं की क्षारता ४०, कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) ८० असं एक लिटर पाणी तयार. द्रावणाच्या बाटल्यांवर नाव आणि तारीख घालून त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. एप्सम सॉल्ट आंघोळीसाठीही विकतात आणि त्यात सुगंध मिसळलेला असतो. ते पाकीट घेऊ नये.

पहिला कप आणि त्यानंतरची दुरुस्ती

माप ठरवून टाकावं: १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, ९३-९४ अंश सेल्सिअस. दळण टेबलावरच्या मिठापेक्षा किंचित जाड. फिल्टर पेपरची शिवण दुमडून तो ड्रिपरमध्ये बसवायचा आणि गरम पाण्याने धुवायचा. कागदाचा वास जातो आणि भांडं तापतं. खाली साठलेलं ते पाणी ओतून द्यायला विसरू नये. भुकटी टाकून ड्रिपर हलकेच हलवून पातळी सपाट करायची. घड्याळ सुरू करून ४५ ग्रॅम पाणी, सगळी भुकटी भिजेल असं. ती फुगते, बुडबुडे येतात; ४५ सेकंद थांबायचं. मग सावकाश वर्तुळं काढत १ मिनिट १५ सेकंदांपर्यंत १५० ग्रॅमपर्यंत, आणि १ मिनिट ५० सेकंदांपर्यंत २५० पर्यंत. एकदा हलकेच गोल हलवायचं आणि सोडून द्यायचं. २ मिनिटं ४५ सेकंद ते ३ मिनिटं १५ सेकंद यांच्या दरम्यान पाणी उतरून जायला हवं. कपात साधारण २२० ग्रॅम येतात, कारण एक ग्रॅम भुकटी दोन ग्रॅम पाणी धरून ठेवते.

आंबट, पातळ, घोट गिळल्यावर काहीच मागे उरत नाही असं वाटलं तर कमी उतरली आहे: ग्राइंडरची चकती एक-दोन खटके फिरवून दळण बारीक करावं. कडू आणि जीभ कोरडी पाडणारी असेल तर जास्त उतरली आहे: दळण जाड. चव चांगली पण पाणचट असेल तर दळणाला हात लावू नये, १५ चे १६ ग्रॅम करावेत. कडक पण चांगली असेल तर कपात वरून थोडं गरम पाणी घालावं. चव किती उतरली आणि कप किती दाट झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. एका खेपेला एकच गोष्ट बदलायची. दळण, तापमान आणि माप एकदम बदललं आणि कप सुधारला, तर पुढच्या पाकिटाच्या वेळी काय करायचं हे कळत नाही. वहीत पाकिटाचं नाव, खटक्यांचा आकडा, पाणी उतरायला लागलेला वेळ आणि चवीचा एक शब्द, एवढं पुरे.

आंबट आणि कडू दोन्ही एकदम लागलं तर पाणी सगळीकडून सारखं गेलेलं नाही. अशा वेळी ड्रिपरमध्ये राहिलेला चोथा बघावा. सपाट, एकसारखा, कागदाच्या कडेला पातळ थर: ठीक. एका बाजूला खड्डा असेल तर पाणी तिथेच जोराने पडलंय. वर चिखलासारखा गुळगुळीत थर आणि वेळ चार मिनिटांच्या पुढे गेलेला असेल तर बारीक कणांनी कागदाची छिद्रं बुजवली आहेत. कमी उंचीवरून, कमी वेळा ओतावं, नाहीतर दळण जाड करावं. मध्ये कोरडी गुठळी निघाली तर पहिल्या ४५ ग्रॅममध्ये भुकटी पूर्ण भिजलेली नव्हती. पुढच्या वेळी ते पाणी ओतल्यावर चमच्याने ढवळावं. इथिओपियाच्या बिया दळताना बारीक कण जास्त पडतात, त्यामुळे त्यांना दोन खटके जाड दळण लागलं तर यंत्र बिघडलं असं समजू नये.

या टप्प्यावर वैताग येतो. पाकीट अर्धं संपलेलं असतं, कप कधी जमतो कधी नाही, आणि इन्स्टंट बरी होती असं मनात येतं. अशा दिवसांत फ्रेंच प्रेस मदतीला येतो: त्याच १५ ग्रॅमला २५० पाणी, थोडं जाड दळण, ४ मिनिटं, वरचा थर मोडून फेस काढायचा, आणखी ५ मिनिटं तसंच ठेवायचं, दट्ट्या तळापर्यंत न दाबता ओतायचं. यात हाताचं कसब लागत नाही, त्यामुळे बी मुळात कसं आहे ते कळतं.

जीभ तयार होते ती दोन कप शेजारी ठेवल्यावर. एकटा कप चांगलाच लागतो. दोन वाट्यांत दोन वेगळ्या कॉफी, प्रत्येकी ११ ग्रॅम, सारखं दळलेल्या. प्रत्येकीत २०० ग्रॅम ९३ अंशांचं पाणी. ४ मिनिटांनी चमच्याने वरचा थर मोडायचा आणि नाक जवळ न्यायचं. फेस काढून टाकायचा, दहा-बारा मिनिटांनंतर चमच्याने सुर्रकन ओढून प्यायचं, आणि कोमट होईपर्यंत पुन्हा पुन्हा चाखायचं. गरम असताना दडलेले दोष कोमट कपात उघडे पडतात. इथे कॅफिनचा हिशेब ठेवावा: अरेबिकात कॅफिन साधारण १.२ टक्के धरलं तर १५ ग्रॅममध्ये १८० मिलिग्रॅम होतं आणि त्यातलं बहुतेक कपात उतरतं. निरोगी प्रौढासाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, गरोदरपणात २००. चाखण्याच्या दिवशी घोट थुंकून टाकण्यात कमीपणा नाही.

आता चहा

दाणेदार चहा तयार होतो तो पानं चिरडून, फाडून, वळवून. ही सीटीसी पद्धत आसाममध्ये १९३० च्या सुमारास आली. तिचे दाणे झपाट्याने रंग आणि कडकपणा देतात, दुधाला तेच हवं असतं. अख्ख्या पानांचा, ऑर्थोडॉक्स चहा सावकाश उतरतो आणि पहिल्यांदा पिणाऱ्याला तो फिका वाटतो. तो उकळून कडक करायला जाऊ नये. तुरट होईल, कडक होणार नाही.

पांढरा, हिरवा, पिवळा, ऊलाँग, काळा आणि प्वेरसारखा गडद असे सहाही प्रकार एकाच झाडाच्या पानांचे. फरक पान खुडल्यानंतर त्याचं काय केलं याचा. सुरुवातीला तीन घ्यावेत: एक काळा, एक हिरवा, एक ऊलाँग, २५ किंवा ५० ग्रॅमच्या पुड्यांत. किलोचा भाव बघून घाबरायला होतं, पण कपाचा हिशेब करावा. कॉफीच्या २५० ग्रॅमच्या पाकिटात १५ ग्रॅमचे १६ कप होतात. चहाच्या ५० ग्रॅमच्या पुडीत ३ ग्रॅमच्या १६ खेपा होतात, आणि चांगल्या पानांवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाणी ओतता येतं. म्हणजे किलोला पाचपट महाग चहासुद्धा कपाला कॉफीच्या भावात बसतो.

एसएफटीजीएफओपी ही अक्षरं पान किती अख्खं आहे आणि कोवळे कळे किती आहेत ते सांगतात. बीओपी म्हणजे तुटकं पान. अक्षरं वाढली म्हणून चव वाढत नाही. तुटकं पान झटकन आणि कडक उतरतं एवढंच, दुधाच्या चहाला ते बरंही पडतं. दार्जिलिंगच्या बाबतीत खुडणीचा हंगाम जास्त बोलतो. फर्स्ट फ्लश मार्च-एप्रिलचा: हिरवट, फुलांच्या वासाचा, लवकर शिळा होणारा. सेकंड फ्लश मे-जूनचा: गडद, पिकलेल्या द्राक्षांसारख्या वासाचा, आणि तो वास येण्यात पानांवर तुटून पडणाऱ्या तुडतुड्यांचा हात असतो. कीड लागलेलं पान जास्त भाव खातं, असा हा धंदा. दार्जिलिंग चहा हे भौगोलिक मानांकन मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन, २००४-०५ सालचं. डब्यावर टी बोर्डाचं, दोन पानं आणि कळी धरलेल्या बाईचं बोधचिन्ह बघून घ्यावं. मळ्याचं नाव आणि खुडणीचं वर्ष दोन्ही असतील तर उत्तम.

पुडी हातात आल्यावर थोडी पानं पांढऱ्या कागदावर पसरावीत. एकसारखा आकार, तळाला भुगा कमी, काड्या कमी. वास घेताना मुठीत धरून त्यावर गरम श्वास सोडावा, मग हुंगावं. कोरड्या पानाचा वास असा उघडतो. खरी परीक्षा चहा ओतून झाल्यावर. भिजलेलं पान बोटांनी उलगडून बघावं: अख्खं पान, कडा, देठाला कळी दिसते का, की नुसते तुकडे. 'अख्खं पान' असं लिहून तुकडे विकलेले इथे पकडले जातात.

चमच्याने मोजू नये. पांढऱ्या चहाची पानं इतकी फुलारलेली असतात की एका चमच्यात एक ग्रॅमही बसत नाही, आणि गोळी केलेल्या ऊलाँगचे त्याच चमच्यात तीन ग्रॅम बसतात. वजनकाटा इथेही तोच. साखळीला लटकणारी जाळीची गोळी घेऊ नये. पान कित्येक पट फुगतं आणि आत कोंबून राहतं. कपाच्या तळापर्यंत जाणारी रुंद जाळी, किंवा दोन भांडी आणि एक गाळणी.

माझी घरची मापं अशी, सगळी ३ ग्रॅमला २०० मिली. काळ्या चहाला उकळतं पाणी, ३ ते ४ मिनिटं; फर्स्ट फ्लशला ९० अंश आणि ३ मिनिटं. चिनी हिरव्या चहाला ८० अंश, २ मिनिटं. जपानी सेंचाला ७० अंश आणि एक ते दीड मिनिट. ऊलाँगला ९५ अंश, ३ मिनिटं. पांढऱ्याला ८५-९० अंश आणि निवांत ५ मिनिटं. हिरवा चहा कडू झाला तर आधी तापमान उतरवावं, वेळ नंतर. कडू-तुरट द्रव्यं गरम पाण्यात झपाट्याने सुटतात, गोडसर चवीची अमिनो आम्लं मात्र कोमट पाण्यातही उतरतात. ग्योकुरो हा जपानी हिरवा चहा ५०-६० अंशांवर करतात तो यासाठी. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी एका गार कपातून दुसऱ्यात ओतावं, दर ओतण्याला आठ-दहा अंश उतरतात. उंचावर राहणाऱ्यांसाठी: दर ३०० मीटरला उकळणबिंदू साधारण १ अंशाने खाली येतो, त्यामुळे १,५०० मीटरवर काळ्या चहाला ९५ अंशच मिळतात आणि मिनिटभर जास्त द्यावं लागतं.

चहा करण्याचंही एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० मध्ये आलेलं: १०० मिलीला २ ग्रॅम, उकळतं पाणी, ६ मिनिटं. ते चहा एकमेकांशी ताडून बघण्यासाठी आहे, आवडीने पिण्यासाठी नाही. सहा मिनिटांत दोष लपत नाहीत. ज्या ब्रिटिश मानकावर ते आधारलेलं आहे, त्या सहा पानी दस्तऐवजाला १९९९ मध्ये साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलचं विडंबन करणारं पारितोषिक, मिळालं. पण दोन मळ्यांचे चहा शेजारी ठेवून निवड करायची असेल तर हीच पद्धत वापरावी.

ऊलाँग आणि प्वेरची मजा छोट्या भांड्यात आहे. १०० मिलीच्या झाकणाच्या वाटीत ५ ग्रॅम, ९५ अंशांच्या वरचं पाणी. पहिलं पाणी ५ सेकंदांत ओतून टाकायचं, मग १५ सेकंद, आणि दर खेपेला ५ सेकंद वाढवत सहा-सात खेपा. गोळीचं पान तिसऱ्या खेपेला पूर्ण उलगडतं आणि तिथेच चव सगळ्यात भरात असते. वाटी काठोकाठ भरू नये, बोटं भाजतात.

पाण्याबाबत चहा कॉफीपेक्षा हळवा आहे. जड पाण्यात केलेल्या काळ्या चहावर तपकिरी तवंग येतो आणि कपाच्या कडेला चिकटतो. चहाला मी वर दिलेलं बनवलेलं पाणी निम्मं डिस्टिल्ड पाण्याने पातळ करून वापरते.

साठवण

कॉफी फ्रिजमध्ये ठेवू नये. झाकण उघडताना दमट हवा आत जाते आणि वास लागतात. महिन्याभरात संपणार नसेल तर १५-१५ ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून सरळ फ्रीझरमध्ये टाकाव्यात. बाहेर काढल्यावर पुडी लगेच उघडून गोठलेल्या बियाच दळाव्यात, किंवा बंद पुडी पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. अर्धवट गार पुडी उघडली की बियांवर दव धरतं.

हिरवा चहा आणि फर्स्ट फ्लश उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावा, काचेच्या बरणीत उजेडात ठेवू नये. काळा चहा वर्षभर सहज टिकतो. प्वेरला हवाबंद डबा नको, थोडी हवा आणि मध्यम दमटपणा हवा, म्हणून तो बाकीच्यांपासून वेगळा. आणि चहा कॉफीच्या कपाटात ठेवायचा नाही. पान आजूबाजूचा वास ओढून घेतं. तो नंतर जात नाही. ग्राइंडरच्या चकत्या दर दोन आठवड्यांनी कोरड्या ब्रशने झाडाव्यात, पाण्याने धुऊ नयेत. गडद भाजणी वापरत असाल तर आठवड्याने, तेल लवकर खवट होतं.